सारथ्याचा शब्द

‘द स्टीलर रॅन अवे.’ मराठी माध्यमाच्या शाळेतल्या सातवी-आठवीच्या वहीत असे वाक्य सापडणे मुळीच अवघड नाही. बाई ‘स्टीलर’खाली तांबडी रेघ ओढतात, वर ‘थीफ’ लिहितात आणि पुढची वही उघडतात. जिची वही असते ती मुलगी मात्र तिथेच अडकते. टीच करणारा टीचर, सिंग करणारा सिंगर, ड्राइव्ह करणारा ड्रायव्हर. मग स्टील करणारा स्टीलर का नव्हे? तिने धीर करून विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते: ‘अगं, तसं म्हणत नाहीत.’

या उत्तराने तिचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. तिने नियम मोडलेला नाही. शिकवलेला नियम इमानाने पुढे चालवला आणि नेमकी त्याचीच शिक्षा तिला झाली. शब्दाचे रूप बरोबर की चूक हे ठरवते कोण? तर्क, व्याकरण, कोश, की बोलणारी माणसे? आणि जी भाषा आपली नाही तिच्यात हा निवाडा कुणाच्या तोंडाकडे पाहून करायचा? वरवर हा शाळेतला किरकोळ प्रश्न दिसतो. खरे तर तो प्रमाणाचा प्रश्न आहे, म्हणजे कशाच्या आधारावर एखादी गोष्ट खरी मानायची याचा. भारतात त्यावर दोन हजार वर्षांहून अधिक काळ खल झाला आहे, आणि त्या चर्चेतला सर्वांत जिवंत प्रसंग घडतो तो एका रथापाशी.

पतंजलीचे महाभाष्य इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानले जाते. पाणिनीच्या सूत्रांची चिकित्सा करता करता पतंजली मध्येच एक गोष्ट सांगतो. एक वैयाकरण रथाजवळ येतो आणि विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’ कोण? हाकणारा कोण, एवढेच त्याला विचारायचे आहे. ‘अज्’ म्हणजे हाकणे. पाणिनीच्या एका सूत्राप्रमाणे या धातूच्या जागी ‘वी’ येतो, म्हणून त्याने नियमाबरहुकूम ‘प्रवेता’ असे रूप साधले. सारथी नम्रपणे उत्तर देतो, आयुष्मन्, मी या रथाचा ‘प्राजिता’. वैयाकरणाच्या कानाला ते खटकते. हा अपशब्द आहे, असे तो तिथल्या तिथे सुनावतो. त्यावर सारथी जे म्हणतो ते भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे असे आहे. महाराजांना नियम कुठवर पोहोचतो ते ठाऊक आहे, पण लोकांना कोणते रूप हवे आहे ते ठाऊक नाही. आणि ‘प्राजिता’ हे रूप लोकांना हवे आहे. पतंजलीचे त्यासाठीचे शब्द आहेत ‘प्राप्तिज्ञ’ आणि ‘इष्टिज्ञ’. नियमाची प्राप्ती जाणणारा एक, आणि भाषेला इष्ट काय हे जाणणारा दुसरा.

पतंजली सारथ्याची बाजू उचलून धरतो. व्याकरणाचा एवढा मोठा आचार्य आपल्याच शास्त्राच्या मर्यादेची साक्ष रथ हाकणाऱ्याच्या तोंडून वदवतो, ही साधी गोष्ट नाही. गोष्टीचा शेवट अजून बाकी आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

वहीतली मुलगी प्राप्तिज्ञ आहे. तिला नियमाची धाव कळली आहे, लोकांची पसंती कळायची आहे. ‘स्टीलर’ का अडतो, याचे उत्तर अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मार्क ॲरोनॉफ यांनी 1976 साली शब्दघडणीवरच्या पुस्तकात नीट मांडले. एखाद्या अर्थाची जागा आधीच एका शब्दाने अडवलेली असेल, तर नियमाने घडणारा नवा शब्द तिथे शिरू शकत नाही. ‘थीफ’ आधीपासून ठाण मांडून बसला आहे, म्हणून ‘स्टीलर’ बाहेर. ‘क्युरिअस’पासून ‘क्युरिऑसिटी’ होते. त्याच चालीवर ‘ग्लोरिअस’पासून ‘ग्लोरिऑसिटी’ व्हायला हरकत नव्हती, पण ‘ग्लोरी’ आधीच घरात आहे. गंमत अशी की जागा रिकामी मिळाली की तोच ‘स्टीलर’ सुखाने नांदतो. नाटकातला छोट्या भूमिकेतला नट सगळ्यांचे लक्ष स्वतःकडे ओढून घेतो, तेव्हा त्याला इंग्रजीत ‘सीन-स्टीलर’ म्हणतात. मराठीतही तेच. सायकल चोरणारा तो चोर; पण ‘माझी सायकल चोरणारा सापडला’ हे वाक्य कुणाला खटकत नाही.

‘कुक’चेही असेच. आई उत्तम ‘कुकर’ आहे असे लिहिणाऱ्या मुलाचा तर्क बिनचूक असतो. पण इंग्रजीत ‘कुक’ हे क्रियापदच स्वयंपाक्याचे नाव होऊन बसले आणि ‘कुकर’ ही जागा उपकरणाला मिळाली. आपल्या ओट्यावर तीन शिट्ट्या देतो तो त्याच घराण्यातला. आणि ही वाटणी कायमची असते असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘टाइपरायटर’ हा शब्द यंत्रासाठी होता तसाच ते चालवणाऱ्या माणसासाठीही होता. ‘कॉम्प्युटर’ म्हणजे आकडेमोड करणारा माणूस, हा अर्थ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होता. माणसांची नावे यंत्रांनी घेतली आणि नियमाच्या अंगावर ओरखडाही उठला नाही.

हे सगळे परके वाटण्याचे कारण एवढेच, की स्वतःच्या भाषेतली अशी वळणे माणसाला दिसत नाहीत. गोड-गोडवा, गार-गारवा, ओला-ओलावा. थंडचा मात्र ‘थंडवा’ होत नाही, ‘थंडावा’ होतो. आणि उष्णचा ‘उष्णवा’ कुणी ऐकलेला नाही. त्याहून नाजूक जोडी ‘शहाणपण’ आणि ‘शहाणपणा’ यांची. एका काना-मात्रेचा, तोही फक्त काना, असा फरक. पण ‘तिच्या शहाणपणामुळे घर तगले’ म्हणताना मनात जे असते आणि ‘उगीच शहाणपणा करू नकोस’ म्हणताना जे असते, त्यात अंतर किती! विभक्ती लागली की दोन्ही रूपे दिसायला सारखीच होतात, तरी मराठी कान चुकत नाही. मराठी शिकणाऱ्या एखाद्या जर्मन माणसाला हा भेद कोणत्या सूत्राने समजावणार? ‘चाइल्डलाइक’ आणि ‘चाइल्डिश’ यांतला फरक मराठी मुलांना समजावताना हाच पेच पडतो. एकात निरागसपणाचे कौतुक आहे, दुसऱ्यात पोरकटपणाची नापसंती. दोन्ही प्रत्यय आपापल्या जागी निर्दोष आहेत. लोकांनी कौतुक एकाच्या पदरात टाकले आणि नापसंती दुसऱ्याच्या.

केसांचे उदाहरण तर थेट तत्त्वज्ञानाच्या दाराशी नेते. मराठीत केस पांढरे झाले, केस गळतात, नेहमी अनेकवचन. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर’, एकवचनी आणि न मोजण्याजोगे. मराठी मुलगी ‘माय हेअर्स आर लाँग’ लिहिते तेव्हा ती डोळ्यांना दिसणारे सत्यच लिहीत असते. उलट ‘माहिती’चे अनेकवचन मराठीतही होत नाही, म्हणून ‘इन्फर्मेशन’शी तिचे लगेच जुळते, पण मराठीत सल्ला-सल्ले होतात, म्हणून ‘ॲडव्हायसेस’ लिहिण्याचा मोह होतो. मोजता येणे हा जगाचा गुण की भाषेचा? केस जगात मोजता येतात. इंग्रजी व्याकरणात येत नाहीत. शब्दरूपे वस्तूंच्या स्वभावातून आपोआप उगवत असती, तर नागपुरात आणि न्यूकॅसलमध्ये केसांचे वचन वेगळे का असते?

नियम स्वतःला कुठवर लागू करायचे हे स्वतः सांगू शकत नाही, हा विचार विसाव्या शतकात लुडविग विट्गेन्श्टाइनने फार खोलवर नेला. त्याच्या मृत्यूनंतर 1953 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक विद्यार्थी भेटतो. त्याला दोन-दोन मिळवत जायला शिकवले आहे. हजारापर्यंत तो बरोबर जातो आणि पुढे 1004, 1008 असे लिहू लागतो. त्याला वाटते आपण पूर्वीसारखेच करत आहोत. त्याची चूक आधीच्या उदाहरणांवरून सिद्ध करून दाखवणे वाटते तितके सोपे नाही. शेवटी ‘आम्ही असे पुढे जातो’ या सामायिक रिवाजाशीच येऊन थांबावे लागते. ‘स्टीलर’ लिहिणारी मुलगी आणि 1004 लिहिणारा विद्यार्थी एकाच बाकावर बसलेले आहेत.

हा तत्त्वज्ञ वर्ग कसा असतो हे जाणून होता. 1920 ते 1926 या काळात त्याने ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षकाचे काम केले, आणि शाळकरी मुलांसाठी एक शब्दकोशही तयार केला. तो 1926 साली व्हिएन्नात छापला गेला. हयातीत त्याची पुस्तके म्हणावी अशी दोनच प्रसिद्ध झाली. त्यांतले एक हा कोश. गावच्या मुलांच्या चुका तपासताना घालवलेली ती वर्षे त्याच्या पुढच्या विचारात मुरली असावीत असे वाटत राहते.

पतंजलीकडे या सामायिक रिवाजाचेच एक घरगुती चित्र आहे. घडा हवा असला की माणूस कुंभाराकडे जातो आणि घडा करून दे म्हणतो. शब्द हवा असला म्हणून कुणी वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द घडवून मागत नाही. शब्द लोकांत आधीच आहेत, अर्थ आहे, दोहोंचे नातेही आहे. मग शास्त्र कशाला? इथे त्याचा विचार धर्माकडे वळतो. शुद्ध शब्दाने अर्थ कळतो तसा अपभ्रंशानेही कळतो. ‘गो’ म्हटले काय नि ‘गावी’, ‘गोणी’ म्हटले काय, गाय समोर उभी राहतेच. अर्थ पोहोचवणे हे एकच प्रयोजन असते तर व्याकरणाची गरज नव्हती. शास्त्र नेम घालून देते तो धर्मासाठी: या शब्दांच्या वापराने अभ्युदय होतो, अपभ्रंशांच्या नाही. भूक कशानेही भागते, तरी हे भक्ष्य आणि ते अभक्ष्य असा नियम माणसे पाळतात, त्यातलाच हा प्रकार.

शब्दरूपाचा संबंध थेट पापपुण्याशी जोडणारे लोक इंग्रजीच्या माहेरीही होऊन गेले, आणि त्यांनी त्यासाठी मारही खाल्ला.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला पहिल्या महिन्यातच एक शंका येते. समोर एकच मित्र आहे, तरी ‘यू आर’ का? ‘ही इज’, ‘शी इज’. मग ‘यू इज’ का नाही? उत्तर त्याच्याच घरात असते. आजोबा एकटेच बसलेले असले तरी तो ‘तुम्ही आहात’ म्हणतो. इंग्रजीत पूर्वी एकासाठी ‘दाऊ’ आणि अनेकांसाठी ‘यू’ होते. आदर दाखवायचा म्हणून एकालाही अनेकवचन लावण्याची रीत पडली, ती पसरत गेली आणि सतराव्या शतकात ‘दाऊ’ बोलण्यातून मागे हटू लागले. जणू मराठीतून ‘तू’ नाहीसे व्हावे आणि मांजरालासुद्धा ‘तुम्ही’ म्हणावे लागावे.

नेमक्या त्याच वेळी जॉर्ज फॉक्स आणि त्याचे क्वेकर अनुयायी उभे राहिले. देवाने सर्वांना सारखे केले आहे. मग न्यायाधीश असो की जमीनदार, एका माणसाला अनेकवचनाने हाक मारणे हे खोटे बोलणे आणि वर खुशामत करणे आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून ते प्रत्येकाला ‘दाऊ’ आणि त्याचे कर्माचे रूप ‘दी’च म्हणत. टोपी काढायची नाही आणि ‘यू’ म्हणायचे नाही, या दोन गोष्टींपायी अनेकांनी शिव्या खाल्ल्या, मार सोसला, तुरुंग पाहिला. 1660 साली फॉक्सने जॉन स्टब्ज आणि बेंजामिन फर्ली यांच्यासह ‘बॅटल-डोर’ या नावाने सुरू होणारा एक जाडजूड ग्रंथ काढला. मुलांना अक्षरे शिकवायच्या पाटीच्या आकाराच्या चौकटी त्यात छापल्या आहेत, आणि लॅटिन, ग्रीक, हिब्रू अशा कितीतरी भाषांचे दाखले देऊन एकवचन एकाला आणि अनेकवचन अनेकांनाच लागते हे सिद्ध करण्याचा खटाटोप केला आहे. व्याकरणाचे पुस्तक सद्सद्विवेकासाठी लिहिले गेल्याचे इतके निखळ उदाहरण दुसरे सहज आठवत नाही.

फॉक्सची तळमळ खरी होती, आणि त्याच्या तर्कातही खोट नव्हती. तरी भाषा त्याच्या मागे गेली नाही. ‘यू’ सगळीकडे गेले. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढची. क्वेकरांच्या पुढच्या पिढ्यांत ‘दाऊ’ हे कर्त्याचे रूप मागे पडले आणि कर्त्याच्या जागीही ‘दी’ आले, तेही ‘दी इज’ असे तृतीयपुरुषी क्रियापद घेऊन. सत्यासाठी लोकरूढीशी झगडलेल्या समाजात स्वतःची एक लोकरूढी तयार झाली, आणि ती व्याकरणाला जुमानणारी नव्हती. दुसरीकडे, 1611 च्या बायबलमध्ये देवाला ‘दाऊ’ म्हटलेले असल्याने हेच सलगीचे सर्वनाम पुढच्या काळात सोवळे झाले. आज इंग्रजी प्रार्थना वाचणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला ‘दाऊ’ हे ‘आपण’हूनही वरचे वाटते. वारकरी विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो त्याच जवळिकीचा तो शब्द आहे, हे सांगितले की तो चमकतो, आणि त्या प्रार्थनेचा सूरच त्याच्यासाठी बदलून जातो.

शंभर वर्षांनी हाच वाद दोन धर्मोपदेशकांच्या व्याकरणांत उभा राहिला. जोसेफ प्रीस्टलीचे व्याकरण 1761 चे, रॉबर्ट लोथचे 1762 चे. पुढे लंडनचा बिशप झालेल्या लोथने शेक्सपियर, मिल्टन आणि खुद्द बायबलच्या अनुवादातल्या चुका दाखवल्या. प्रीस्टली प्रस्थापित चर्चबाहेरचा पाद्री; ऑक्सिजनवरच्या प्रयोगांसाठी त्याचे नाव पुढे जगभर झाले. रूढीच भाषेचे माप ठरवते, असे त्याने बजावले. शाळांनी बराच काळ लोथची वाट धरली.

आता परक्या भाषेचा प्रश्न. तो मीमांसकांनी जितक्या नेमकेपणाने हाताळला आहे तितका क्वचितच कुणी हाताळला असेल. वेदात काही शब्द असे येतात की ज्यांचा अर्थ आर्यांच्या बोलण्यात सापडत नाही: पिक, नेम, सत, तामरस. म्लेच्छांच्या बोलण्यात मात्र ते रुळलेले आहेत. पिक म्हणजे कोकीळ, नेम म्हणजे अर्धा, सत म्हणजे लाकडी भांडे, तामरस म्हणजे कमळ. मग यज्ञात अर्थ कोणता घ्यायचा? पूर्वपक्ष म्हणतो, व्याकरण आणि निरुक्त हाताशी आहेत. धातू शोधा, प्रत्यय लावा, अर्थ काढा. म्लेच्छांच्या तोंडचा अर्थ कशाला? जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य करणारा शबर हा पूर्वपक्ष खोडतो. शब्द ज्यांच्या वापरात आहे त्यांचाच अर्थ प्रमाण. पक्षी पाळण्यात आणि पकडण्यात म्लेच्छ अधिक निष्णात आहेत, असे कारणही तो देतो. कोकिळेचे नाव पारध्याला विचारावे, धातुपाठाला नव्हे. नंतरचा मीमांसक कुमारिल याने या चर्चेत दक्षिणेकडचे शब्द आणून दाखवले आहे की, परक्या शब्दांना ओढूनताणून संस्कृत धातू चिकटवला की कसे अनर्थ होतात.

ज्यांनी वेदाचे प्रामाण्य सर्वांत कडवेपणे मांडले, त्याच दर्शनाने शब्दार्थाच्या बाबतीत परक्याच्या जिभेपुढे मान लववली. इंग्रजी शिकणाऱ्याला याहून भरवशाचा आधार कोणता हवा? ‘तसं म्हणत नाहीत’ हे बाईंचे उत्तर आळसाचे नव्हते. ते शबराच्या परंपरेतले उत्तर होते. त्याला जोड हवी होती ती फक्त ‘कोण म्हणत नाहीत, आणि त्याऐवजी काय म्हणतात’ याची.

उलट्या दिशेने चाललेला एक इंग्रज इथे आठवतो. थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आला आणि जन्मभर तिथेच राहिला. 1616 साली रायतूरला छापलेले त्याचे ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे. त्याने कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 साली छापून निघाले. व्याकरण लिहिणाऱ्याला नियम कळले असणारच. पण ओवी नियमांनी चालत नाही. ती पुराण सांगणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या संगतीत कानावर पडावी लागते.

असा सहवास ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी कोश झाले, आणि त्यांतला सर्वांत प्रभावी कोश इंग्लंडात तयार झालाच नाही. इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींवर काम करणारा हॅरल्ड पामर 1922 साली तोक्योला गेला. दोन वर्षांनी ए. एस. हॉर्नबी जपानात शिकवायला आला. जपानी विद्यार्थ्यांना अवघड शब्दांचे अर्थ हवे होतेच, पण ते अडत होते सोप्या शब्दांच्या चालीरीतींवर. कोणते नाम मोजायचे, कोणत्या क्रियापदामागे काय येते, कोणता शब्द कुणाच्या पंगतीला बसतो. हॉर्नबीने गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश 1942 साली, ऐन युद्धात, तोक्योत निघाला. त्याच्या नावातच ‘इडियमॅटिक’ हा शब्द होता. 1948 साली ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला, आणि पुढे त्याच्याच आवृत्त्या जगभर गेल्या. मराठी घरांत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजीचे नियम आणि वाक्ये दिली होती; नंतरच्या पिढ्यांच्या टेबलावर हॉर्नबीचा कोश आला. ‘सजेस्ट’ पुढे माणूस आणि मग ‘टू’ येत नाही, ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही, हे त्यात छापलेले असे. ‘विषयावर चर्चा’ म्हणणाऱ्या मराठी मनाला ‘अबाउट’ सोडताना चुकल्यासारखे वाटणारच.

पुढची उडी बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांनी घेतली. कोशकाराच्या अंदाजापेक्षा लाखो वाक्यांचा साठा संगणकात भरून लोक खरोखर काय लिहितात-बोलतात ते पाहायचे, या पायावर त्यांचा कोबिल्ड कोश 1987 साली निघाला. बोलणारा माणूस एकेक शब्द सुटा निवडत नाही, तो अर्धवट तयार झालेले तुकडे उचलतो, हे त्यांनी दाखवून दिले. चहा इंग्रजीत ‘स्ट्राँग’ असतो आणि पाऊस ‘हेवी’. अदलाबदल केली तर अर्थ कळतो, पण कान दचकतो. मराठीत चहा कडक आणि पाऊस मुसळधार. ‘कडक पाऊस’ म्हणून पाहावे.

पण एक प्रश्न इथवर मागे ठेवला आहे, आणि तोच सर्वांत दुखरा आहे. लोक म्हणजे कोण? पतंजलीने शिष्टांचे वर्णन केले आहे: आर्यावर्तात राहणारे, घरी घडाभरच धान्य ठेवणारे, निर्लोभी, विद्येत पारंगत. संपत्ती आणि सत्ता यांना त्यात स्थान नाही, हे लक्षात घ्यावे. इंग्रजीचे शिष्ट मात्र दीर्घकाळ सत्तेने ठरवले. चुकीच्या रूपाला हसणारे वरचे, आणि हसू झेलणारे खालचे. खेड्यातून शहरात आलेली किती हुशार मुले केवळ या हसण्याच्या धाकाने वर्गात तोंड उघडत नाहीत! व्याकरणाची चूक दुरुस्त करता येते. जिभेवर बसलेली ही भीती काढायला फार वर्षे लागतात.

आणि आज इंग्रजी बोलणाऱ्यांत भारतातली कोट्यवधी माणसे आहेत. ती काही फक्त उतरवून घेत बसलेली नाहीत. ‘पोस्टपोन’ला जोड म्हणून इथे ‘प्रीपोन’ रुळला आणि ऑक्सफर्डच्या कोशांनी भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून त्याची नोंद केली. घडणीने ‘स्टीलर’ जितका निर्दोष तितकाच ‘प्रीपोन’. एक मेला आणि एक तगला, कारण चोराची जागा भरलेली होती, आणि बैठक अलीकडे घेण्यासाठी सुटसुटीत एक शब्द कुणाकडेच नव्हता. ‘अपडेशन’ची गोष्ट वेगळी. तिथे ‘अपडेट’ आणि ‘अपडेटिंग’ हजर असूनही आपल्या कचेऱ्यांनी प्रत्ययाच्या ओढीने तो बनवला. दक्षिणेकडच्या लोकांना तद्धित प्रत्ययांचा लळा आहे, असे पतंजलीने पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिके लिहिणाऱ्या कात्यायनाच्या एका शब्दरूपावरून म्हटले होते: ‘लोकात’ म्हणायच्या जागी ‘लौकिकात’ म्हणतात. ‘अपडेशन’ पाहिले की ते निरीक्षण आठवते.

देशादेशांत रूपे बदलतात हेही पतंजलीला ठाऊक होते, आणि त्याने त्याबद्दल नाक मुरडलेले नाही. ‘शवति’ हे क्रियापद कंबोजांत जाण्यासाठी वापरतात. आर्य त्याच्याशी संबंधित ‘शव’ एवढेच म्हणतात. सुराष्ट्रात जाण्यासाठी ‘हम्मति’, पूर्वेकडे आणि मध्यदेशात ‘रंहति’. शब्दाच्या वापराचे क्षेत्र फार मोठे आहे. सगळे पाहिल्याखेरीज हा शब्दच नाही असे म्हणणे निव्वळ साहस, असे त्याचे मत. लंडनमध्ये ऐकला नाही म्हणून ‘प्रीपोन’ नाहीच, असे म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरेसे आहे.

पण मग काहीही चालते काय? तेही नाही. महाभाष्यात यर्वाण-तर्वाण नावाच्या ऋषींची हकिगत आहे. ते मोठे ज्ञानी होते, पण नेहमीच्या बोलण्यात शुद्ध रूपांऐवजी ‘यर्वाण तर्वाण’ असे काही म्हणत, म्हणून त्यांना तेच नाव पडले. यज्ञकर्मात मात्र ते अपभ्रंश वापरत नसत. असुरांनी तो यज्ञात वापरला आणि ते हरले. ऋषी घरात कसे बोलत याचा दोष त्यांना लागला नाही. ‘अपडेशन’ पुण्याच्या कचेरीत सहकाऱ्याला कळतो आणि काम होते. तोच शब्द परदेशी नियतकालिकाकडे पाठवलेल्या लेखात गेला तर संपादक त्याखाली रेघ ओढील. कोणत्या वेदीपुढे आपण उभे आहोत हे ज्याला कळते, त्याला दोन्ही रूपे बाळगता येतात. शाळेत शिकवायचे राहून जाते ते नेमके हेच. तिथे एक रूप बरोबर म्हणून मिळते आणि दुसरे चूक म्हणून खोडले जाते. ते कुठे जगते, कुणाच्या तोंडी, कशामुळे, याची ओळख करून दिली जात नाही.

रथापाशी थांबलेली गोष्ट आता पुरी करायला हवी. सारथ्याचे उत्तर ऐकून वैयाकरण चिडतो. हा ‘दुरुत’ आपल्याला छळतो आहे, असे तो म्हणतो. सारथ्याला संस्कृतात ‘सूत’ म्हणतात. वैयाकरणाने मनातल्या मनात त्याची फोड केली: ‘सु’ अधिक ‘उत’, म्हणजे चांगला विणलेला. मग ‘सु’ काढून ‘दुर्’ लावला की शिवी तयार. सारथी शांतपणे सांगतो की ‘सूत’ हा शब्द विणण्याच्या धातूपासून आलेलाच नाही. तो ‘सू’ म्हणजे प्रेरणा देणे या धातूपासून आला आहे. निंदाच करायची असेल तर ‘दुःसूत’ म्हणावे लागेल.